सायाळ आणि नर्गिसचे एकवीस गड्डे

"आता मी जे सांगून राहिलो ना भाभी, त्याच्यावर कोणाचाच विश्वास बसणार नाही," नत्थुजींनी सुरुवात केली. "अचलपुरात तं नाहीच नाही, परतवाड्यातबी नाही. अन् परतवाड्याचे लोक तं कशावरही विश्वास ठेवतात."

नसीमबानो हसल्या नाहीत.

चाळीस वर्षं दोघांच्या अंगणात एकच भिंत होती, आणि चाळीस वर्षं नत्थुजींच्या असल्या वाक्याला सगळ्यांत आधी हसायच्या त्या नसीमबानोच. आज त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, ऑपरेशन झालेला गुडघा सरळ पुढं सोडून, आणि नजर वाफ्यावर. वाफ्याशी त्यांची नात नगमा उकिडवी बसली होती, हातात खुरपी. तिनं उकरलेला पहिला खड्डा रिकामा निघाला होता. दुसराही. तिसऱ्यात तिनं मनगटापर्यंत हात घातला आणि नुसती माती घेऊन बाहेर काढला, तेव्हा नत्थुजींनी तोंड उघडलं होतं.

जूनची तीन तारीख. सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन असं, की भिंतीवरचा सरडा एकेक पाय आळीपाळीनं उचलून धरत होता.

त्या वाफ्यात नर्गिसचे एकवीस गड्डे असायला हवे होते. गड्डा म्हणजे दिसायला कांद्याचा धाकटा भाऊ, वरून तपकिरी साल, आत पांढरा. पण डिसेंबरात त्यातून हिरवी पात वर येई आणि पातीतून दांडा, दांड्यावर पांढरी फुलं, प्रत्येक फुलाच्या मधोमध पिवळी वाटी. वास असा, की रस्त्यानं जाणारा सायकलवाला नसीमबानोंच्या फाटकाशी उगाच खाली उतरे आणि वळणापर्यंत पायी जाई. बाजारात मिळणारी ही जात नव्हे. नसीमबानोंच्या माहेरी, बाळापूरला, घरातली मुलगी सासरी निघाली की मलमलीच्या फडक्यात तीन गड्डे बांधून तिच्या हातात द्यायचे, ही रीत. एक्कावन्न वर्षांपूर्वी नसीमबानो त्या तीन गड्ड्यांसकट अचलपुरात आल्या, आणि तिनाचे एकवीस केले. मुलगी गजाला लग्न होऊन अमरावतीला राजापेठेत गेली तेव्हा तिनंही तीन नेले, पण तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, कुंडीत, ते दोन हिवाळेसुद्धा टिकले नाहीत. बाळापूरचा वाफा केव्हाच फरशीखाली गेला. राहिला होता तो हाच एक. आणि गजालाची नगमा येत्या हिवाळ्यात अकोल्याला सासरी जाणार होती. तिकडे घराला मोकळं अंगण आहे, हे कळल्यावर पोरीनं आजीला फोन करून सांगितलं होतं, "नानी, दागिना एखादा कमी दिला तरी चालेल, पण माझे तीन बाजूला ठेव."

"तं झालं काय," नत्थुजी म्हणाले, "मेळघाटातलं पाणी आटलं यंदा. जनावरं खाली उतरून राहिली. अन् एक सायाळ, भाभी, चांगली गाढवाच्या पिल्लायेवढी, चिखलदऱ्याचा घाट उतरून सरळ तुमच्या अंगणात."

"सायाळ?" नगमानं वर पाहिलं.

"सायाळ. अंगावर काटे असतात ते. भर दुपारी. बारा वाजून दहा मिनिटं झालेली. मी घड्याळ पाह्यलं म्हणून सांगतो."

"पण काका, सायाळ रात्रीची निघते ना?"

"म्हणूनच तं म्हटलं बेटा, विश्वास बसणार नाही."

एरवी या उत्तरावर फाटकापर्यंत हसू गेलं असतं. नसीमबानोंनी फक्त मान थोडी वळवली आणि वाफ्याच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. नगमा तिकडे सरकली आणि चौथा खड्डा उकरायला लागली.

खुरपीचा आवाज ऐकत नत्थुजी उभे राहिले. खरं काय घडलं होतं, ते त्यांच्या जिभेच्या टोकावर बसलेलं होतं.

फेब्रुवारीत गुडघ्यासाठी अमरावतीला निघताना नसीमबानोंनी फाटकाची चावी त्यांच्या हातात दिली होती. "नत्थुभाऊ, होळी झाली की पाणी बंद. पानं पिवळी पडतील, सुकतील, मेल्यासारखी दिसतील. दिसू द्या. मृगाच्या आत मी येऊन काढते अन् राखेत घालून टांगते. तवरलोग एक थेंब नाही. यायले पुरा उन्हाळा खाऊ द्या." नत्थुजींनी मान डोलावली होती. ताण त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. चाळीस वर्षं संत्र्याची बाग केलेला माणूस. झाडाचं पाणी तोडायचं, झाड थकू द्यायचं, पानं वळली की ताण सोडून पाणी द्यायचं, की बहार असा फुटतो की फांद्या दिसत नाहीत. फक्त संत्र्याचा ताण दीड महिन्याचा. फार तर दोन. होळीपासून मृगापर्यंत तीन महिने ताण, हे काही त्यांच्या बागायतदार डोक्यात बसेना. भाभींचा अंदाज चुकला असेल, बाई माणूस, फुलझाडं लावणारी, असं त्यांना वाटलं. वाटलं ते वाटलं, वर त्यांनी ते केलं. चौदा मेला पारा पंचेचाळीसवर गेला, काळ्या मातीत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, आणि नत्थुजींनी आपल्या कूलरच्या सांडपाण्याचा पाइप भिंतीवरून वाफ्यात सोडला. पाच दिवस. भाभी आल्या की दोनाचे चार झालेले गड्डे दाखवायचे, आणि म्हणायचं, पाहा, संत्रावाल्याचं डोकं.

काळी माती पाणी धरून बसते. दहाव्या दिवशी वास आला.

एकवीसपैकी अठरा हातात घेतले तर पेजेसारखे ओघळले. तीन कडक होते. ते त्यांनी राखेच्या डब्यात घालून आपल्या खाटेखाली ठेवले, वाफ्यातला चिखल उचलून फेकला आणि बागेतली कोरडी माती टोपल्यानं आणून भरली. काल संध्याकाळी डबा उघडला तर तिनातल्या एकाच्या बुडाशी दहा पैशाएवढा मऊ डाग आला होता. तो कापून काढायचा, की उन्हात ठेवायचा, की हात लावायचा नाही, नत्थुजींना ठाऊक नव्हतं. आज पहाटे पाहिलं तर डाग रुपयाएवढा झालेला, आणि दुसऱ्यालाही सुरुवात. याचं औषध जाणणारं आख्ख्या वऱ्हाडात एकच माणूस, आणि ते समोर खुर्चीत बसलं होतं.

"सांगून टाका," शकुन, त्यांची बायको, काल रात्री जेवताना म्हणाली होती.

"सांगतो ना."

"तुमी सांगसान, तं तुमची गोष्टच सांगसान. तिचं काय गेलं, ते नाही."

नत्थुजींनी तेव्हा भाकरीकडे पाहिलं होतं. दोन दिवसांत तिन्ही गड्डे आपोआप बरे होतील, मग ते कुठंतरी कुंपणाशी 'सापडतील', आणि गोष्ट गोड होईल, असा त्यांचा बेत होता. बेत चांगला होता. डाग मात्र वाढत होता.

"मंग?" नसीमबानो म्हणाल्या. आल्यापासून त्यांनी उच्चारलेला हा पहिला शब्द.

"मंग काय भाभी. मी गच्चीवर पापड पाहाले चढलो होतो. वरून पाह्यलं तं वाफ्यात काहीतरी लोळून राहिलं. मले वाटलं कुत्रं. कुत्रं कायचं, सायाळीचं जनावर ते. असं पाठीवर पडलं, अन् गरागरा लोळलं. माती उकरली, अन् एकेका काट्यावर एकेक गड्डा टोचून घेतला. जशी गजऱ्यात फुलं गुंफतात तशी."

नगमाच्या ओठांचा कोपरा हलला. नत्थुजींना तेवढं पुरलं. आवाज चढला, हात पुढं आले.

"मी वरूनच ओरडलो. ते थांबलं. माह्याकडे पाह्यलं. अन् भाभी, तुमची शपथ, ते लाजलं. चोरी पकडली गेली म्हणून. अन् मंग उभं राहिलं, झुंबरासारखं, अन् चाललं छुनछुन करत फाटकाकडे."

"फाटकाले कुलूप होतं," नसीमबानो म्हणाल्या.

"कुलूप होतंच ना."

"चावी तुमच्याजवळ."

"चावी माह्याजवळ. पण सायाळले चावी कायले लागते? काटा घातला कुलपात, अन् फिरवला."

नगमा हसलीच. मग आजीकडे पाहून पाचवा खड्डा उकरायला लागली. माती सहज निघत होती. फार सहज. नत्थुजींच्या लक्षात आलं, की तीन महिने उन्हात भाजलेली काळी माती अशी निघत नाही, तिला कुदळ लागते. नसीमबानोंनी हात पुढं केला. नगमानं ओंजळभर माती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटांनी चुरली, नाकाशी नेली, आणि पुन्हा खाली सोडली.

भिंतीपलीकडे शकुनच्या स्वयंपाकघरात भांडं पडलं. नत्थुजींना खाटेखालचा डबा आठवला. आता या क्षणी त्या राखेत काय चाललं असेल? हा उन्हाचा तडाखा, पत्र्याची खोली. ते एक वाक्य बोलले असते तर दहा पावलांवर डबा होता.

"मी पाठलाग केला," ते म्हणाले. "पायात चप्पल नाही, डांबर पेटलेलं. बिच्छन नदीपर्यंत गेलो. मधी दोन वेळा त्यानं काटे फेकले. एक माह्या कानाजवळून गेला."

"काटा कोठी हाये?" नसीमबानोंनी विचारलं.

"कोणता?"

"फेकलेला. कानाजवळून गेलेला."

"तो... तो मी उचलला नाही. कायले उचलू? मले गड्ड्यायची पडली होती."

"अन् ते गेलं कुठी?"

"नदीत पाणी नाही, तं पात्रातून सरळ वर. एका कपारीत शिरलं. मी बाहेर बसलो. आतून आवाज, कुरूम कुरूम. कांदा खाल्ल्यासारखा. तठीच कळलं मले, संपलं." नत्थुजींनी डोळ्यांना पंचा लावला, आणि त्यांचंच त्यांना नवल वाटलं, पंचा खरोखर ओला झाला. "तुमाले फोन करणार होतो भाभी. पण ऑपरेशन झालेल्या बाईले काय सांगू? अठराच्या अठरा गड्डे..."

ते थांबले.

नगमानं खुरपी खाली ठेवली. "एकवीस ना काका?"

"एकवीस. एकवीसच म्हटलं मी."

"अठरा म्हणाले तुम्ही."

"या उन्हात माणूस काय बोलते, काय नाही," नत्थुजी म्हणाले. त्यांनी पंच्यानं मान पुसली, मग कपाळ, मग पुन्हा मान. "एकवीस काटे, एकवीस गड्डे. खाल्ले त्यानं. सगळे खाल्ले."

नसीमबानोंनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. गुडघा वाकला नाही. नगमा धावली, पण त्यांनी तिला हातानंच थांबवलं, एकदा श्वास घेतला आणि स्वतःच उभ्या राहिल्या. वाफ्याच्या कडेनं दोन पावलं चालून त्या नत्थुजींच्या अगदी समोर आल्या. चाळीस वर्षांत भिंतीच्या अलीकडून आणि पलीकडून हजार गोष्टी त्यांनी ऐकल्या होत्या, आणि एकीलाही त्यांनी कधी खोटं म्हटलं नव्हतं.

"नत्थुभाऊ," त्या म्हणाल्या, "नर्गिसचा गड्डा सायाळ खात नाही. उंदीर नाही खात, घूस नाही खात, बकरीबी तोंड लावत नाही. जहर असते त्याच्यात. झूट बोलून राहिले तुमी. पाणी घातलं तुमी, अन् अठरा सडले. बाकीचे तीन जिथी असतील तिथून आत्ता घेऊन या."