मागच्या हौदात पाणी

मित्रांनो, नाव विचाराल तर मला नाव नाही. घरातली माणसं मला ‘मागचा हौद’ म्हणतात. नाटे गावाच्या अलीकडे सड्याचं कातळपठार उतरून खाली आलं की माडापोफळीत दडलेली एक वाडी लागते. तिथे फारुकच्या घरामागे, विहिरीपासून वीस पावलांवर मी आहे. अठरा फूट लांब, दहा फूट रुंद, जांभ्या चिऱ्याचा. वय पंचेचाळीस.

मला बांधून घेतलं फारुकच्या वडिलांनी, अझीमनी. ते बोटीवर खलाशी होते. बोट सोडून घरी आले आणि माडापोफळीचं आगर करायचं त्यांच्या मनाने घेतलं. माझा खड्डा खणताना जो चिरा निघाला, तोच माझ्या भिंतींना लागला. शेजारच्या वाडीतला राजाराम तेव्हा वीस वर्षांचा होता आणि बापाच्या हाताखाली गवंडीकाम शिकत होता. माझ्या उत्तरेकडच्या भिंतीचे चिरे त्याने एकट्याने रचले. ओळंबा लावून बापाने तपासलं आणि काही न बोलता पुढच्या कामाला लागला. गवंड्याच्या घरात शाबासकी अशीच मिळते.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. सकाळी इंजिन धडधडायचं, विहिरीचं पाणी माझ्यात पडायचं, मी काठोकाठ भरायचो. खालचं लाकडी बूच काढलं की पाणी पाटाने आगरात जायचं आणि प्रत्येक माडाच्या आळ्यात थांबत थांबत शेवटच्या पोफळीपर्यंत पोचायचं. पाहुणे आले की अझीम त्यांना आधी मला दाखवायला आणत. लहानगा फारुक माझ्या कठड्यावर बसून पाण्यात पाय सोडायचा. अझीम लांबूनच म्हणायचे, “पाय काढ. झाडांचं पाणी आहे ते.” दर्यात बुडताना एक सोबती त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पोराला पाण्यात उतरू द्यायचं नाही, हे त्यांचं कायमचं ठरलेलं होतं.

अझीम गेले. आगरात काळ्या नळ्या आल्या, थेंबाथेंबाने पाणी झाडाच्या बुंध्याशी पडू लागलं आणि माझी गरज सरली. कुणी मला वाईट म्हटलं नाही. फक्त कुणी माझ्याकडे बघेनासं झालं. आधी झडलेल्या पानांचा पातेरा साचला. मग मोडकी खुर्ची आली, फुटकी कौलं आली, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या आल्या. कोपऱ्याजवळच्या फणसाचं मूळ माझ्या सांध्यात शिरलं आणि तिथे बोट जाईल एवढी भेग पडली. अकरा वर्षं मी कोरडा होतो. पावसाचं पाणी यायचं, पण ते भेगेतून निघून जायचं. पाणी धरून ठेवता न येणं म्हणजे काय, ते हौदालाच कळतं.

तरी मी अगदी एकटा नव्हतो. मोबाईलला रेंज मिळायची ती फक्त माझ्या पूर्वेकडच्या कठड्यावर. फारुक सोळा वर्षं आखातात, दोह्यात नोकरीला. त्यामुळे त्याची बायको हाजरा रोज कठड्यावर येऊन बसायची. बारा वर्षांची झरीन आणि सात वर्षांची नाझिया दोन्ही बाजूंनी तिला चिकटायच्या आणि तिघींच्या मधे फारुकचा चेहरा असायचा. त्या घरातली सगळी बोलणी मी अशीच ऐकली. फारुकचं काम होतं मोठ्या बंगल्यांतले पोहण्याचे तलाव साफ ठेवण्याचं. निळंशार पाणी, पांढऱ्या पायऱ्या, आणि हातात लांब दांड्याची जाळी घेतलेला फारुक.

एकदा नाझियाने विचारलं, “अब्बा, तुम्ही ह्यात रोज पोहता?”

फारुकने हातातली जाळी बाजूला ठेवली. “व्हय, रोज,” तो म्हणाला.

“आम्हाला कधी?”

त्याच्यापुढच्या शुक्रवारी नमाज आटोपून त्याचा फोन आला, तेव्हा पहिलंच वाक्य होतं, “हाजरा, पोरींसाठी परसदारी पोहायला काहीतरी करूया.”

“आपल्या परसदारी?” हाजरा हसली. “वाडीतले काय म्हणतील?”

“वाडीतल्यांच्या पोरीही येतील. मग कोण काय म्हणेल?”

रत्नागिरीहून रितेश नावाचा कंत्राटदार आला. वागायला चांगला मुलगा. त्याने टेपने परसदार मोजलं आणि चित्रांची वही उघडली. काजूच्या आकाराचा तलाव, निळ्या लाद्या, पाण्याखाली दिवे, बाजूला यंत्राची खोली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हा हौद तेवढा काढावा लागेल. एक दिवसाचं काम आहे.”

मित्रांनो, मला तोंड असतं तरी मी काही बोललो नसतो. अकरा वर्षं कचरा पोटात घेऊन बसलेल्याने कुठल्या तोंडाने बोलायचं?

हाजराने फोन लावून रितेशच्या हातात दिला. फारुक पलीकडून शांतपणे विचारत होता. यंत्र दिवसाला किती तास चालवायचं? आपल्याकडे वीज जाते तेव्हा काय? खाऱ्या वाऱ्यात त्या पंपाचं लोखंड किती वर्षं टिकेल? पाण्यातलं औषध कमी झालं की जास्त, हे रोज सकाळी कोण बघणार?

“वहिनींना शिकवू की आम्ही,” रितेश म्हणाला.

“मी इथे सोळा वर्षं तेच करतोय, भाऊ. औषधाने माझ्या बोटांची सालं जातात. माझ्या घरी माझ्या बायकोला ते काम लावायचं नाही.” मग तो म्हणाला, “तुमच्या मागे तो जुना हौद दिसतोय ना, त्याच्यासमोर फोन धरा.”

रितेशने फोन माझ्यावर फिरवला. फारुकने चारही भिंती नीट बघून घेतल्या आणि हाजराला राजारामला बोलवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी राजाराम आला. आता पासष्टीचा, गुडघे धरून चालणारा. मोडकी खुर्ची बाहेर काढून तो माझ्यात उतरला आणि हातोडीच्या दांड्याने चिरा चिरा ठोकून कान लावत गेला. उत्तरेच्या भिंतीशी जरा जास्तच थांबला. वर येऊन हाजराला म्हणाला, “भाभी, चिरा अजून जित्ता हाय. ह्याला तोडायचा नाय. मूळ काढतो, सांधे भरतो, आतून गिलावा घोटून देतो.”

मग कितीतरी दिवस कठड्यावर बसून बेत चालला. फारुक तिकडून सांगायचा, झरीन वहीत लिहून घ्यायची, हाजरा मधेच अडवायची. खोली झरीनच्या छातीपेक्षा जास्त नको. कोपरे सरळच राहू देत, झाडू नीट पोचतो. तळाला एका बाजूला उतार द्यायचा, म्हणजे गाळ आपोआप बुचाकडे जाईल. पायऱ्या खरखरीत ठेवायच्या आणि धरायला एक दांडी. वर माशाच्या जाळ्याचं झाकण, म्हणजे पातेराही पडणार नाही आणि कुणाचं वासरूही. कठड्याला फाटक आणि फाटकाची कडी उंचावर, नाझियाचा हात पोचणार नाही इतकी.

“आणि औषध?” हाजराने विचारलं.

“औषध नकोच. पाणी साठवून ठेवलं की औषध लागतं. आपण ठेवायचंच नाही. भरायचं, तीन दिवस पोहायचं, चौथ्या दिवशी बूच काढायचं आणि पाणी आगरात सोडायचं. तळ झाडून पुन्हा भरायचं. झाडांना एवढं पाणी लागतंच. जाता जाता पोरी त्यात पोहून घेतील.”

हे मला इतकं आवडलं म्हणून सांगू. माझं जुनं काम मला परत मिळणार होतं आणि वर नवं.

पण हाजरा विहिरीवर वाढलेली बाई. ती म्हणाली, “मार्चनंतर विहीर खाली जाते. तेव्हा हौद भरला तर प्यायला काय?”

“तेव्हा रिकामा ठेवायचा.”

“आणि पावसात?”

“पावसातही नको. पाऊस सरला की भरायचा, तो होळीपर्यंत.”

“तुम्हाला रजा जुलैत मिळते,” हाजरा म्हणाली. “दरवर्षी जुलैत.”

तलावांचे मालक जुलैत थंड देशात जातात, म्हणून फारुकसारख्यांना तेव्हा सुट्टी. थंडीत सगळे परत येतात आणि तलाव भरलेले लागतात. “ह्या वेळी मी डिसेंबर मागून घेतो,” शेवटी तो म्हणाला. “पोरींना पहिल्यांदा पाण्यात उतरताना मला बघायचंय.”

नोव्हेंबरात काम संपलं. राजारामने माझा तळ असा घोटला की हात फिरवावासा वाटावा. पंप सुरू झाला आणि अकरा वर्षांनी विहिरीचं गार पाणी माझ्या अंगावर चढू लागलं. मी भेगेपाशी जीव धरून होतो. सकाळी बघितलं, तर पाणी बोटभरही उतरलं नव्हतं.

हाजराने मुलींना सांगितलं, “अब्बा आल्याशिवाय कोणी उतरायचं नाही.”

मुलींनी ऐकलं. शाळेतून आल्या की जाळं सारून कठड्यावर बसायच्या आणि पाय सोडायच्या. त्यांना कुणी पाय काढ म्हणालं नाही, पण त्या गुडघ्याच्या वर पाणी येऊ द्यायच्या नाहीत. चौथ्या दिवशी हाजरा बूच काढायची. कुणी न पोहलेलं पाणी आगरात जायचं. तळ झाडून ती मला पुन्हा भरायची. असं सहा वेळा झालं. मी भरलेला होतो, स्वच्छ होतो, आणि तरी मला त्या कोरड्या वर्षांसारखंच वाटत होतं. पाणी आलं होतं, माणूस आलं नव्हतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. फारुकच्या जोडीचा माणूस काम सोडून गेला होता. रजा नामंजूर. एप्रिलच्या आधी सुटका नाही.

झरीन उठून घरात गेली. नाझियाला अजून नीट कळलं नव्हतं.

“तुम्ही पोहा,” फारुक म्हणाला. “माझ्यासाठी थांबू नका.”

“त्यांना शिकवणार कोण? तुम्हीच या आणि शिकवा. थांबतो आम्ही.”

फारुकने मान खाली घातली. “हाजरा, मी येऊन तरी काय शिकवणार? मला पोहता येत नाही.”

हाजराने फोन आणखी जवळ धरला.

“अब्बांनी कधी शिकू दिलं नाही. आणि इथे आम्हाला पाण्यात उतरायला मनाई आहे. सोळा वर्षांत ह्या पाण्यात माझे फक्त हात गेलेत, कोपरापर्यंत. नाझियाला मी खोटं सांगितलं.”

नाझिया तिथेच होती. ती स्क्रीनजवळ तोंड नेऊन म्हणाली, “मग तुम्ही आमच्याबरोबर शिका.”

हाजराने फोन ठेवला आणि कठड्यावर बसून पाण्यात पाय सोडले. ती बुरोंडीची, मासेमारांच्या घरातली. तेराव्या वर्षापर्यंत भावांच्या बरोबरीने खाडीत पोहलेली. मग एक दिवस आईने सांगितलं, आता पुरे. त्याला एकवीस वर्षं झाली होती. ह्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जुना सलवार-कमीज घातला, ओढणी कमरेला घट्ट बांधली, फाटक लावून घेतलं आणि दांडी न धरता पायऱ्या उतरली. गुडघे वाकवून गळ्यापर्यंत बुडाली आणि क्षणभर डोळे मिटून राहिली. मग पायाने माझ्या भिंतीला रेटा दिला आणि एका दमात दुसऱ्या टोकाला पोचली. तो रेटा मला अजून आठवतो. मुली तोंडाचा आ करून बघत होत्या.

“अम्मी, तुला येतं?” झरीनने विचारलं.

“येत होतं,” हाजरा धापा टाकत म्हणाली. “अजून आहे वाटतं. ये, आधी तू.”

त्या हिवाळ्यात दोघी शिकल्या. राजारामची नात करुणाही शिकली, आणखी दोघी-तिघी आल्या. हाजरा पाठीखाली तळवा धरायची आणि कळू न देता काढून घ्यायची. रोज संध्याकाळी नाझिया कठड्यावरून अब्बाला हिशेब द्यायची, आज किती हात मारले त्याचा. तो निळ्या पाण्याशेजारी उभा राहून ऐकायचा.

एप्रिलमध्ये तो बारा दिवसांसाठी आला. विहीर तळाला गेली होती. मी महिनाभर कोरडा. पिशवी ओटीवर टाकून तो थेट मागे आला, चपला काढून माझ्यात उतरला आणि सवयीने कोपऱ्यातला झाडू उचलला. तळ स्वच्छच होता. तो झाडू तसाच हातात धरून उभा राहिला. एवढ्या लांबून येऊन कोरड्या हौदात उभ्या राहिलेल्या माणसाला काय वाटत असेल, ते मला पुरतं ठाऊक होतं.

मुली मागोमाग उतरल्या. नाझियाने झाडू काढून घेतला. “अब्बा, पालथे झोपा.”

“इथे?”

“हां. पाणी नाही म्हणून काय झालं? आधी हात-पाय शिकायचे.”

आणि मित्रांनो, तो त्रेचाळीस वर्षांचा माणूस माझ्या घोटलेल्या तळावर पालथा झोपला. झरीनने हात कसे ओढायचे ते दाखवलं, नाझियाने घोटे धरून पाय हलवले. “पाय वाकडे नको, अब्बा. श्वास बाजूला.” हाजरा कठड्यावर बसून हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. बाराही दिवस सकाळी हा तास चालला. मग तो गेला.

तुमच्याही घरामागे एखादा जुना हौद असेल, टाकी असेल, बुजत चाललेली विहीर असेल. तिच्यात कचरा टाकण्याआधी एकदा खाली उतरा आणि भिंत ठोकून बघा. आम्हाला फार काही लागत नाही. बूच वेळेवर काढा, तळ झाडा, मुळं आत शिरू देऊ नका, फाटकाची कडी लावा. उन्हाळ्यात पाणी नसलं तर आम्ही रिकामे राहू. मात्र पाऊस सरल्यावर आमची आठवण ठेवा.

आता सप्टेंबर आहे. विहीर वर आलीय. फारुकने ह्या वेळी डिसेंबरची रजा लेखी घेतलीय, असं तो म्हणतो, आणि हाजरा ‘बघू’ म्हणते. पण काल तिने राजारामला बोलावून माझ्या आतल्या भिंतीवर, तिच्या कमरेच्या उंचीला, चुन्याची एक रेघ मारून घेतली.

“एवढंच भरायचं?” राजारामने विचारलं. “पोरी तर आता पुऱ्या पाण्यात पोहतात.”

“पहिले आठ दिवस एवढंच,” हाजरा म्हणाली. “शिकाऊ माणूस यायचाय.”