चौथी पिन

तिसरी पिन बनियनमध्ये टोचली आणि फोन वाजला – फोटिसला ते नेहमी याच क्रमाने आठवतं. आधी पिन, मग फोन. गेल्या नोव्हेंबरातली शनिवारची सकाळ, समोर उद्याच्या शर्यतीचा नंबर, आणि पलीकडून हॉस्पिटलची नर्स सांगत होती की त्याची बायको, स्टमाता, पहाटे गेली. आदल्या संध्याकाळी तिनेच त्याला घरी हाकललं होतं – जा, झोप, परवा पळायचंय तुला... चौथी पिन टेबलावर राहिली, नंतर कुठे गेली कळलं नाही.

आज तो पळत होता. नंबर तीनच पिनांवर, एक कोपरा वाऱ्यावर फडफडत. नवी पिन घेता आली असती. घेतली नाही.

पन्नाशीला डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं, तेव्हा स्टमाता म्हणाली, चालतोस कसला, पळ. मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत, दहा वेळा. दहाच का, हे तिने कधी सांगितलं नाही. नऊ झाल्या होत्या. वाटेत म्हाताऱ्या बायका ऑलिव्हच्या डहाळ्या हातात देतात. तो त्यातली एक कमरेला खोचायचा, आणि घरी स्टमाता ती मरियमच्या तसबिरीमागे ठेवायची. नऊ डहाळ्या, पानं करडी झालेली. ती धूळ झटकायची, टाकायची मात्र नाही. आजची दहावी कमरेला टोचत होती आणि ते टोचणं त्याला बरं वाटत होतं.

तिला जाऊन वर्ष झाल्याची चर्चमधली प्रार्थनाही आजच्याच रविवारी यायची. त्याने ती आठवडाभर पुढे नेली. पाद्रीबाबांची हरकत नव्हती. स्टमाताच्या थोरल्या बहिणीची, अर्गिरोची होती. मेलेल्या बायकोला थांबायला सांगतोस आणि स्वतः पळतोस, असं म्हणून तिने जे तोंड फिरवलं ते तीन आठवडे. तिचं चुकलं, असंही त्याला वाटत नव्हतं.

एकतिसाव्या किलोमीटरला चढ संपतो. तिथे बेकरीसमोर, डाव्या हाताला, स्टमाता मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी घेऊन उभी असायची. पाय आपोआप डावीकडे वळले, मागचा पोरगा धडकला, शिवी देऊन पुढे गेला... आणि फोटिसला लाज वाटली, कोणाकडे निघालो होतो मी.

बेकरीसमोर काळ्या कोटात अर्गिरो होती. हातात डबा.

"किती वेळ. ती असती तर घरी गेली असती."

"ती कधी गेली नाही."

अर्गिरोची नजर नंबरवर गेली. तिने आपल्या रुमालाची पिन काढली आणि न विचारता फडफडणारा कोपरा टोचून टाकला, थोडा कातडीसकट.

"प्रार्थनेला तिच्या नावाने वाटायचे गहू मी शिजवणार नाही," ती म्हणाली. "तू शिजवायचे. साखर, डाळिंब, सगळं तू."

"मला येत नाही."

"पळायला तरी कुठे येत होतं?"

तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा त्याला कोणीतरी स्टमातासारखं रागावलं होतं. तिच्या डब्यातली संत्र्याची फोड तोंडात धरून तो उताराला लागला. मीठ जास्त झालं होतं.

अकरा किलोमीटर राहिले होते. डहाळी तसबिरीमागे ठेवायची राहिली होती. गहू भिजत घालायचे राहिले होते.