आपण एका गोलनं पुढे

स्वयंपाकाला येणारी गौरम्मा भाकऱ्यांची चवड फडक्यात गुंडाळता गुंडाळता टीव्हीसमोर थबकली.

"सर, ह्या सगळ्यांची दाढ एकदमच दुखायला लागली काय?"

पडद्यावर जर्मनीचे अकरा खेळाडू फुटबॉल विश्वचषकाच्या मॅचआधीच्या फोटोसाठी उभे होते आणि अकराही जणांनी तोंडावर हात ठेवला होता. गुरुबसप्पा हत्तुरे सरांनी चष्मा वर सरकवला. असला प्रश्न कानावर पडला की त्यांच्यातला मास्तर खडबडून जागा व्हायचा. शाळा सुटून इतकी वर्षं झाली, ती खोड काही सुटली नव्हती.

"त्यांच्या कॅप्टनला दंडाला भेदभावाविरुद्धची एक पट्टी बांधायची होती. वरच्या मंडळींनी, म्हणजे फिफानं, दम दिला, बांधाल तर कारवाई करू. म्हणून ते सांगतायत, आमची तोंडं बंद केली तुम्ही."

"मग बोलायचं की. तोंडावर हात ठेवल्यावर कोण ऐकणार हाय?"

सरांना हसू आलं. एकेकाळी गौरम्माच्या या एका वाक्यावर त्यांनी अख्खा तास काढला असता. दहावीचा इतिहास शिकवताना ते पुस्तक मिटून ठेवत आणि फळ्यावर फुटबॉलच्या स्पर्धांची वर्षं लिहीत. अडतीस साली ऑस्ट्रिया विश्वचषकाला पात्र ठरला होता, पण स्पर्धा सुरू व्हायच्या आत हिटलरनं देशच घशात घातला आणि त्यांचे खेळाडू जर्मनीचा सदरा घालून उतरले. चौऱ्याहत्तरला दोन जर्मनी एकमेकांविरुद्ध खेळले. भाषा तीच, आडनावंही तीच. ब्याण्णवला युद्धापायी युगोस्लाव्हियाला युरोपच्या स्पर्धेतून काढलं, आणि त्यांच्या जागी आयत्या वेळी बोलावलेले डेन्मार्कवाले कप घेऊन घरी गेले. "पेपर मागच्या पानापासून वाचत जा रे," सर सांगायचे, "देश मोडल्याची बातमी आधी खेळाच्या पानावर येते." स्वतः सरांनी जन्मात चेंडूला लाथ मारली नव्हती. पोरं त्यांना मागून 'फिफा' म्हणायची, हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

ही सगळी बडबड घरी जेवताना सरांच्या मुलाच्या, सिद्धूच्या कानावर पडत आली होती. शिकायला जायची वेळ आली तेव्हा त्यानं जर्मनीचंच नाव काढलं. "तुम्हीच वाट दाखवली, आता तोंड पाडून बसू नका," असं सिद्धूची आई, दाक्षायणी, सरांना म्हणाली होती. आता तीही नव्हती.

सिद्धूला तिकडं आठ वर्षं झाली होती. पुण्याच्या एका कंपनीनं त्याला बोलावलं होतं. आला, तर शनिवारी गाडीत बसला की जेवायला घरी. नाही आला, तर तिकडचं नागरिकत्व. आणि तिकडचा पासपोर्ट हातात पडला की इकडचा परत द्यावा लागतो. रविवारी तो फोनवर म्हणाला होता, "आपली पहिली मॅच बुधवारी जपानशी आहे आप्पा. ती संपली की फोन करतो आणि पुण्याचं काय ते पक्कं सांगतो." सोमवारी सरांनी वरच्या खोलीतली गादी पिंजून घेतली. गौरम्मानं कारण विचारलं तर म्हणाले, ढेकूण झाले होते.

गौरम्मा शेंगा सोलायचं निमित्त काढून तिथंच बसली. अर्ध्या तासानं जर्मनीला पेनल्टी मिळाली आणि गोल झाला.

"आपण एका गोलनं पुढे," सर म्हणाले.

"आपण कुटं हाय त्यात? गोरी माणसं ती."

"सगळी गोरी नाहीत, नीट बघ. कुणाचे आईबाप तुर्कस्तानातले, कुणाचा बाप आफ्रिकेतला. पोटासाठी गेले, तिथलेच झाले."

"आणि त्यांची म्हातारी माणसं?"

"असतील गावाकडं."

"एकटीच?"

सरांनी रिमोट उचलून आवाज वाढवला. गौरम्मानं टरफलं सुपात गोळा केली, चटणी उद्या कुटते म्हणाली, आणि कडी लावून घ्या असं दोनदा बजावून गेली.

ती गेली आणि घर अंगावर आलं. सरांना जेवताना एवढं एकटं वाटत नसे, झोपतानाही नसे. मॅच बघताना वाटे. काही झालं की मान आपसूक बाजूच्या खुर्चीकडं वळायची, आणि खुर्चीत इस्त्रीला द्यायचे कपडे असायचे.

दुसऱ्या हाफमध्ये जपाननं बरोबरी केली. सरांच्या मनात एक भलताच विचार येऊन गेला. जर्मनी जिंकला तर पोरगं तिकडं आणखी रमेल. हरला तर मन जरा उडेल, घर आठवेल. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एवढा शिकलेला माणूस, आणि देवाला कौल लावल्यासारखा चेंडूकडं बघत बसलाय. तरी जपानचा दुसरा गोल झाला तेव्हा त्यांना बरं वाटलं, चांगलंच बरं वाटलं. त्यांनी उठून कपडे पलंगावर नेऊन टाकले आणि खुर्ची मोकळी केली.

मॅच संपल्यावर थोड्याच वेळात फोन वाजला. मागं कॅन्टीनमधला गलबला होता, खुर्च्या सरकवल्याचे आवाज, कुणीतरी जर्मनमध्ये चिडून बोलत होतं.

"बघितली का आप्पा?"

"बघितली की."

"आम्ही हरलो."

रविवारी 'आपली' मॅच होती. आज 'आम्ही' हरलो. ज्याच्याशी बोलतोय त्याला बाहेर ठेवून माणूस आम्ही म्हणतो, एवढं मराठी शेंबड्या पोरालाही कळतं. सिद्धू मुद्दाम बोलला नव्हता. त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं, आणि सरांना तेच लागलं. ठरवून बोललेलं माणूस मागं घेऊ शकतो.

"आप्पा? आवाज येतोय ना?"

"येतोय."

"पहिला हाफ आमचाच होता. नंतर आम्ही गाफील राहिलो. जाऊ दे." तो थांबला. मागचा गलबला कमी झाला, तो बहुतेक बाहेर येऊन उभा राहिला असावा. "आप्पा, ते पुण्याचं सांगायचं होतं."

सरांनी फोन एका कानावरून काढून दुसऱ्या कानाला लावला. काय येणार ते त्यांना कळून चुकलं होतं. ते ऐकायची त्यांची तयारीही होती, पण असं नाही, त्या 'आम्ही'च्या बाहेर उभं राहून नाही.

घरची बोली कन्नड, पण सिद्धूशी मराठीच बोलायचं, हा नियम सरांचाच. शाळेत पोराचं अडायला नको म्हणून. त्याच्याशी कन्नड बोलायची ती दाक्षायणी, स्वयंपाकघरात, आणि नंतर फोनवर. ती गेली तशी बापलेकांत ती भाषाही गेली. कन्नडात आम्ही म्हणा की आपण म्हणा, शब्द एकच, नावु. त्यात कोण आतला आणि कोण बाहेरचा, हे कळायची सोयच नाही.

"मोदल इद हेळ," सर म्हणाले. आधी हे सांग. "यार सोत्रु?"

पलीकडं सिद्धू गोंधळून हसला.

"कोण हरलं? आत्ताच सांगितलं की आप्पा."

"यार सोत्रु, हेळप्पा."

मग सिद्धू बोलला, अडखळत, आईनं दटावल्यावर बोलायचा तसा.

"नावु..." तो म्हणाला. "नावु सोत्वी, आप्पा."

"हौदु," सर होकार देत म्हणाले. "नावु सोत्वी." त्यांनी मोकळ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. "हं. आता सांग पुण्याचं."