एक धड वाक्य

"छाती चाळीस. पोट... श्वास सोडा साहेब, शर्ट रोज घालायचाय, फोटोपुरता नाही. पोट त्रेचाळीस."

मागे घेतल्या जाणाऱ्या ट्रकची टींटीं.

"डावा खांदा उतरता. घाबरू नका, कुणाला सांगत नाही. पॅड घालून सांभाळून घेतो."

शिंक. आणखी एक शिंक.

"मांडी चोवीस. हलू नका हो, गुदगुल्या व्हायचं वय राहिलंय का तुमचं?"

"ए, शू! चालू आहे."

हे सगळं एका फोनच्या पोटात होतं आणि फोन मास्तरांचा होता. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. एका हातात टेपचं टोक, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाचा दंड, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी फोन टेबलावर उभा केला आणि त्यालाच मापं सांगायला सुरुवात केली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक रेकॉर्डिंग. कापड कापताना ते लावायचं, ऐकत ऐकत कात्री चालवायची. ह्या युक्तीचा मास्तरांना कोण अभिमान! समोरच्या दुकानातला चष्मेवाला ती ऐकून ऐकून कंटाळला होता.

फक्त एकदा घोटाळा झाला. मास्तर पँटचं माप सांगत होते आणि कोपऱ्यात काज-बटण करत बसलेली त्यांची बायको मध्येच म्हणाली, "बत्तीस नंबरची बटणं संपलीत बरं का." कापताना मास्तरांच्या कानांनी तेवढंच नेमकं पकडलं. छत्तीस कमरेच्या माणसाची पँट बत्तीसात कापली गेली. माणूस आत शिरेना, मास्तरांना तोंड दाखवायला जागा उरेना. त्या दिवसापासून दुकानात नियम झाला. फोनवर लाल ठिपका दिसतोय तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. कुणी म्हणजे कोण? दुकानात होतंच कोण आणखी!

बायको जाऊन आठ महिने झाले.

मागच्या मंगळवारी मुलीचा फोन आला. ती लांब राहते, विमानाने जावं लागतं इतकी लांब.

"बाबा, पोरगी विचारते, आजी कशी बोलायची. माझ्याकडे आईचे नुसते फोटो आहेत. जुना फोन पाण्यात पडला त्यात होतं नव्हतं ते गेलं. तुमच्याकडे दुकानातली शेकडो रेकॉर्डिंगं आहेत ना?"

"आहेत की!" मास्तर छाती फुगवून म्हणाले. "सहा वर्षांची. एकही पुसलेलं नाही."

"मग एक वाक्य शोधा. एकच, पण धड वाक्य. रविवारी तिला ऐकवू."

मास्तर बुधवारी सकाळीच बसले. कोटाचं काम बाजूला सारलं, चष्मा नाकावर, फोन कानाशी. पहिल्या वर्षात बायको सापडली, पण तुकड्यातुकड्यांनी.

"अहो, मी काय म्हणते..." "शू!"

"त्या बाईंचा ब्लाऊज..." "ए, चालू आहे!"

"परवा ना..." आणि मग मास्तरांच्याच जिभेचा च्यक्.

दुसऱ्या वर्षापासून तेही थांबलं. आता सगळ्या रेकॉर्डिंगांचा शेवट सारखाच. मास्तर शेवटचा आकडा सांगतात, क्षणभर शांतता, मग कोपऱ्यातून हलकेच, "झालं?" आणि लगेच फोन बंद. ती जे काही बोलायची ते त्या 'झालं'नंतर बोलायची. आणि मास्तरांचा अंगठा मोठा चपळ होता.

"काय मास्तर, प्रेमात पडलात की काय? तीन दिवस फोन कानाला!" चष्मेवाला दारातून ओरडला. मास्तर हसले नाहीत, तेव्हा तो खुर्ची ओढून बसला. मास्तरांनी सांगितलं.

"तुम्हाला आठवत असेल की तिचं काही," तो म्हणाला. "तेच सांगा नातीला."

मास्तरांनी आठवून पाहिलं. तिचे ओठ हलताना दिसत होते, सुई थांबवून वर पाहायची सवय दिसत होती. पण शब्द आठवायला गेलं की तीन दिवस ऐकलेलं तेवढंच कानात येई. झालं? झालं?

शनिवारी दुपारी एक एकवीस मिनिटांचं रेकॉर्डिंग हाती लागलं. एवढं लांब? माप घेऊन झाल्यावर ते फोन बंद करायलाच विसरले होते. "आलोच, अस्तर घेऊन येतो," हा त्यांचाच आवाज, दाराची करकर, आणि दुकानात ती एकटी. मास्तरांनी फोन कानात जवळजवळ खुपसला. आता बोलेल. एखादं गिऱ्हाईक येईल, शेजारीण डोकावेल, निदान स्वतःशी पुटपुटेल.

खुर्ची सरकली. दोरा दाताने तोडल्याचा आवाज. पावलं फोनपर्यंत आली, थांबली, परत गेली. कुणीतरी दारातून विचारलं, "मास्तर आहेत का?" उत्तर आलं नाही. बहुधा तिने नुसता हात हलवला असावा, कारण तो माणूस म्हणाला, "बरं बरं, नंतर येतो."

एकवीस मिनिटं. लाल ठिपका चालू होता ना.

शेवटी दार करकरलं, मास्तर आत आले आणि तिने विचारलं, "झालं?"

खट्.

रविवारी त्यांनी तेवढंच पाठवलं. एवढे 'झालं' ऐकून त्यातला जरा मोठा, जरा मोकळा निवडला होता. मुलगी फोनवर होती, पलीकडे नातीची चुळबुळ ऐकू येत होती.

"एवढंच, बाबा?"

"एवढंच सापडलं."

"सहा वर्षांत?"

मास्तर टेपची गुंडाळी सोडत राहिले, पुन्हा गुंडाळत राहिले. पलीकडे मुलीने ते लावलं. झालं?

"पुढचं लाव," नात म्हणाली.

"पुढचं नाहीये गं."

"का नाहीये?"

"आजोबांना विचार." फोन त्या छोट्या हातात गेला असावा, कारण श्वास अगदी जवळून ऐकू यायला लागला.

"आजोबा, पुढे काय म्हणाली आजी?"

मास्तरांनी तोंड उघडलं. कोपऱ्यात रिकामी खुर्ची होती. नात थोडा वेळ थांबली, मग फोन कुठेतरी ठेवून खेळायला पळाली. मास्तर कानाशी फोन धरून तिकडच्या खोलीतले आवाज ऐकत बसले.

मापं फोनला सांगायला लागण्याआधीची अकरा वर्षं ती वहीत बायको लिहायची, आणि लिहिताना तिची बडबड अखंड चालू असायची.