नवरीची खुर्ची

मित्रांनो, मीही खुर्चीच आहे, पण तुमच्या शाळेतल्या खुर्चीहून उंच. माझी घडी होते आणि पाय टेकायला खाली एक पट्टी आहे. माझ्यावर साहेब बसत नाहीत. माझ्यावर नवऱ्या बसतात. बसायच्या, असं म्हणायला हवं. आता मी जुनी झाले.

लांबच्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून मला घडवलं, वर काळं रेक्झिन ताणून बसवलं आणि खोक्यात घालून पुलगावला समीक्षाच्या घरी पाठवलं. समीक्षाने खोकं उघडलं आणि पहिला मान आपल्या सासूला, देवकाबाईंना दिला. त्या कशाबशा चढल्या आणि म्हणाल्या, "इतक्या वर बसून मी काय राज्य चालवू काय?" मग हळूच मागे टेकल्या, आणि बराच वेळ उतरल्याच नाहीत.

समीक्षा लग्नाचा मेकअप करायची. तिचं पार्लर नव्हतं, दारावर पाटी नव्हती. ज्या घरून बोलावणं येईल तिथं ती पेटी आणि मला घेऊन जायची. जवळ असेल तर स्कूटीला बांधून, लांब असेल तर एसटीने. आर्वीच्या गाडीचा एक कंडक्टर मला बघितलं की दर वेळी विचारायचा, "खुर्चीले बसाले जागा पाहिजे काय, का उभी राहीन?" आणि समीक्षा दर वेळी हसायची.

चेहरे मला दिसत नाहीत. जिला पाठ टेकतात तिला चेहरा कसा दिसणार? मला भार कळतो आणि आवाज ऐकू येतात. नवरी कितीही हसत असली तरी तिचे पाय पट्टीवर थरथरत असतात, ते मला ठाऊक असतं.

समीक्षाचे हातही मला आवाजावरूनच ठाऊक. आधी साबणाने हात धुतल्याचा आवाज, मग ओल्या कापसाचा. चेहऱ्यावर आधीचं काही असेल तर ते पुसल्याशिवाय ती पेटी उघडत नसे. लिपस्टिक कधी थेट ओठांना लावली नाही. स्टीलच्या छोट्या पट्टीवर काढून घ्यायची, म्हणजे एकीचं उष्टं दुसरीला नको. गळ्याचा रंग तोच चेहऱ्याचा, यावर आयांशी, मावश्यांशी तिची नेहमी हुज्जत व्हायची. "अजून जरा गोरी करा" असं कुणी मागून म्हणालं, की ती माझ्यासमोर वाकायची आणि माझ्यावर बसलेल्या मुलीलाच विचारायची, "तुले काय पाहिजे?" मुलीच्या डोक्यावरून चाललेलं बोलणं ती ऐकतच नसे. माझ्यावर बसून कुणी काही मनातलं बोललं, तर ते तिथंच राहायचं. आणि लग्न लागलं की बाकीच्यांसारखी ती निघून जायची नाही. संध्याकाळी नवरीचा चेहरा स्वतः उतरवून, धुऊन मगच घरी. "लावलं त्यानंच काढावं," असं म्हणायची. त्यासाठी कितीदा शेवटची गाडी चुकली.

लोक तिचं नाव घ्यायचे. माझंही घ्यायचे. लहान पोरी माझ्यावर चढून फोटो काढून घ्यायच्या.

मग रुचिकाचं लग्न ठरलं. समीक्षा यातलं कुठे बोलली नाही. मी सांगते आहे, पण मुलीचं खरं नाव सांगत नाही.

रुचिका कारंज्याची. वडिलांचं, प्रभाकररावांचं किराणा दुकान. आई नाही, काकूने वाढवलेली. लग्नाआधी समीक्षा एकदा नवरीच्या घरी जायचीच. जे लावायचं ते आधी कानामागे थोडं लावून बघायचं, अंगाला चालतं का ते. त्या दिवशी रुचिका पावडर लावूनच माझ्यावर बसली. ओला कापूस फिरला आणि मध्येच थांबला.

"काय लावून राह्यली तू चेहऱ्याले?"

उत्तर काकूने, मंदाबाईंनी दिलं. गोरं व्हायचं साधं क्रीम आहे, ओळखीतून आणलं, रोज लावतो. पोराकडचे सगळे गोरे आहेत, चार लोकांत आपली पोरगी उठून नको दिसायला.

"काकू, मी रुचिकाले इचारलं."

रुचिकाने मान खाली घातली. समीक्षाने सांगितलं की गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे, आतल्या लाल शिरा दिसताहेत. त्या दिवशी तिने पेटी उघडलीच नाही. सेवाग्रामला कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, मनाने बंद करू नका आणि मनाने लावूही नका, एवढं सांगून ती उठली.

डॉक्टरांनी क्रीम बंद करायला सांगितलं. कातडीला त्याची सवय लागली आहे, सोडल्यावर चेहरा आधी अजून बिघडेल, मग सावकाश, काही महिन्यांनी सुधारेल, तोवर वर काहीही लावायचं नाही. लग्न तर दोन आठवड्यांवर. घरात ठरलं की लग्न होऊ द्या, मग बंद करू. रुचिकाला कुणी विचारलं नाही. माझ्यावर बसलेली असती तर निदान समीक्षाने विचारलं असतं.

लग्नाच्या सकाळी, हायवेजवळच्या मंगल कार्यालयात, रुचिका पुन्हा माझ्यावर बसली. तिने माझे हात इतके घट्ट धरले होते की नळ्या गरम झाल्या. आदल्या दिवशीच्या हळदीने चेहऱ्याची आग आग झाली होती. समीक्षाने हात धुतले. पुसले. पण पेटी उघडल्याचा आवाज आला नाही.

"सालं निघाली," ती शेवटी म्हणाली. "पाणी सुटून राह्यलं. याच्यावर मी काई लावत नाई. केस करतो, फुलं माळतो, मुंडावळ्या बांधतो. चेहरा असाच राहू द्या."

"नवरी हाय का पेशंट?" मंदाबाई म्हणाल्या. "मांडवात असाच दाखवाचा काय?"

प्रभाकरराव दारात येऊन गेले. लवकर करा, वरात निघाली, एवढंच म्हणाले.

समीक्षा माझ्यासमोर वाकली. "रुचिका, तू सांग."

"लावा ताई. आजच्या दिवस लावा. मंग कधीच लावा म्हणत नाई."

मित्रांनो, बसलेली मुलगी म्हणेल ते करायचं, ही समीक्षाची रीत. आणि उघड्या जखमेला हात लावायचा नाही, हीसुद्धा तिचीच रीत. त्या सकाळी दोन्ही समोरासमोर उभ्या राहिल्या. माझ्या पट्टीवरचे रुचिकाचे पाय थांबले होते. ती वाट बघत होती.

"तुझं सारं ऐकीन पोरी," समीक्षा म्हणाली. "हे नाई ऐकत."

मग सगळं भराभर झालं. गावातली कुणी मेकअप करणारी आणली. माझी अडचण होत होती, म्हणून कुणीतरी मला ओढून पायऱ्यांवरून खाली ढकललं. माझा मागचा उजवा पाय तेव्हाच वाकला, तो कायमचा.

लोक नंतर म्हणाले की समीक्षा ऐन लग्नात नवरीला टाकून गेली. ती गेली नव्हती. मांडवामागे, भांडी घासायच्या नळाशी तिने मला उभं केलं, वाकड्या पायाखाली वीट सरकवली आणि माझ्यावर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दुसरीने लावलं असलं तरी आपण उतरवून जायचं, असं तिच्या मनात होतं. तिचेही पाय थरथरत होते. मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या. दोनदा ती खोलीकडे जाऊन आली. दोन्ही वेळा मंदाबाईंनी दारातूनच विचारलं, "आता काय घ्याले आली?"

बिदाईची गाडी सुरू झाली तशी मला तिथंच टाकून ती कापूस आणि बाटली घेऊन धावली. पुढचं तिने देवकाबाईंना सांगितलं तेव्हा मी ऐकलं. तिने गाडीच्या खिडकीतून हात घालून रुचिकाला म्हटलं, "पोचल्याबरोबर काढजो. घासजो नको, नुसता कापूस दाबजो." रुचिकाने बाटली धरली होती. पाठराखीण म्हणून शेजारी बसलेल्या मंदाबाईंनी ती काढून बाहेर दिली आणि काच वर केली.

सासरी नवीन नवरी बघायला माणसं येत राहिली. रुचिकाने त्या दिवशी चेहरा धुतला नाही, दुसऱ्या दिवशीही धुतला नाही. आतून सगळं पिकलं. ताप चढला, दवाखान्यात ठेवावं लागलं. जीव वाचला, डाग राहिले. बरी झाली की येजो, असं सांगून सासरच्यांनी तिला कारंज्याला आणून सोडलं.

समीक्षाने खरं काय ते चार लोकांत सांगितलं असतं तर तिचं काम टिकलं असतं. देवकाबाईंनी तिला तसं म्हटलंही, रागावून. तिने ऐकलं नाही. पोरीच्या चेहऱ्याची चर्चा गावागावांत नको, एवढंच तिचं म्हणणं. लग्नसराई आली आणि गेली, फोन वाजला नाही. ती आता एका कापडाच्या दुकानात साड्या उघडून दाखवते. मी ओसरीवर पडले. उन्हाने रेक्झिन फाटलं, आतला फोम बाहेर आला. माझ्यावर ओले टॉवेल वाळतात.

आज दुपारी रुचिका आली. ओढणीत तोंड गुंडाळून, एसटीने, एकटी. देवकाबाई म्हणाल्या, खाटेवर बस पोरी, खुर्चीचा पाय अधू आहे. ती तरी माझ्यावरच बसली. मी एवढी हलकी नवरी कधी धरली नव्हती.

दिराचं लग्न आहे, सासरच्यांनी बोलावलंय, पण डाग झाकून ये म्हणतात, असं तिने सांगितलं. "मले झाकाचं शिकवून द्या, ताई."

कातडी आता भरून आली होती. समीक्षाला शिकवता आलं असतं. तिने हात धुतले, पुसले, आणि माझ्यासमोर वाकली.

"तुले काय पाहिजे?"

रुचिकाने ओढणी अजून ओढून घेतली.

"मले झोप पाहिजे," रुचिका म्हणाली. "घरी डोळा लागला का काकू मोबाईलची बत्ती लावून डाग पाह्यते. गेले का म्हणून."

समीक्षाने तिची ओढणी सोडली आणि मान माझ्या पाठीला टेकवून दिली. थोड्याच वेळात रुचिकाचा सगळा भार माझ्यावर आला. नवऱ्या माझ्यावर अशा कधी बसत नाहीत. त्या जपून बसतात, केस मोडतील, साडी चुरगळेल म्हणून. ही मात्र लहान लेकरासारखी सांडली. मी कलायला लागले, तेव्हा समीक्षा खाली बसली आणि तिने माझा वाकडा पाय दोन्ही हातांनी धरला. देवकाबाई चहा घेऊन आल्या, बघितलं, आणि चहा परत घेऊन गेल्या. रुचिकाची परतीची आर्वीची गाडी निघून गेली.

मित्रांनो, माझा पाय नाही दुरुस्त केला तरी चालेल. माझ्या गादीला टाका घालू नका. पण तुमच्या घरात कुणी तुमच्या बहिणीच्या तोंडाला काही चोळायला लागलं, तर तिला विचारा, हे तुला हवंय का. तिने मान खाली घातली तर पुन्हा विचारा. आणि तुमच्यापैकी कुणाला काळी म्हणून कुणी हाक मारत असेल, तर तुमच्या गळ्याचा रंग हाच तुमच्या चेहऱ्याचा रंग आहे, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. हे तुम्हाला मोठ्याने सांगायचं होतं मला.

पण मोठ्याने बोलता येत नाही. रुचिका अजून उठलेली नाही. जाताना दार हळू लावा.