गोड नजरचूक

सकाळी साडेनऊ वाजता वारसा दालनाचे दिवे लागले आणि काचेच्या कपाटात बाटली डोक्यावर उभी असलेली दिसली.

दुर्बीण दारातच थबकली. कुणीतरी घाईघाईत ठेवली असेल असं आधी तिला वाटलं. जवळ जाऊन पाहिलं तर बाटलीचं तोंड एका पितळी कड्यात व्यवस्थित बसवलेलं होतं. झाकण खाली, बूड वर. मागून दिवा सोडला होता, त्यामुळे आतलं नारिंगी पाणी पेटल्यासारखं दिसत होतं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या बाटलीवरचं कंपनीचं नाव सरळ वाचता येत होतं.

खरी गोम तिथेच होती. त्या बाटलीचं लेबल उलटं लागलेलं होतं आणि उलटं होतं म्हणूनच इथल्या जुन्या कामगार बायकांनी ती जपली होती. आता कुणा शहाण्याने बाटलीच उलटी करून लेबल सुलटं केलं होतं.

"अहो, ही अशी कुणी ठेवली?" तिने काचा पुसणाऱ्या माणसाला विचारलं.

"का? काय झालं?"

"डोक्यावर उभी आहे ती."

"नाव नीट दिसायला नको का, बाई?" तो म्हणाला आणि फडकं घेऊन पुढच्या कपाटाकडे गेला.

कपाटाखाली चकचकीत पाटी होती. दुर्बिणीने पदराने चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. "एक गोड नजरचूक. आमच्या सुरुवातीच्या दिवसांतली ही उलट्या लेबलाची बाटली. स्वतःच्या चुकांवर हसायला तिने आम्हाला शिकवलं. परिसरातील रहिवाशांकडून सप्रेम भेट."

तिने परत वाचलं. मग परत फक्त पहिली ओळ.

दुर्बीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. हे दालन आज झालं. त्याआधी ही बाटल्या भरायची शेड होती आणि शेडच्या टोकाला पांढऱ्या काचेमागे दिवा लावलेला असायचा. त्या उजेडासमोरून भरलेल्या बाटल्या सरकत जायच्या आणि समोर बसलेल्या बाईने त्यांत काडी, माशी, काचेचा टवका शोधायचा. त्या कामाला सगळे 'बघणी' म्हणत. फोरमन ओरडायचा, "डोळ्यांत तेल घालून बघा!" तेव्हा बायका म्हणायच्या, "तेल घरून आणायचं की कंपनी देणार?" हिच्या नजरेतून डासाचा पायसुद्धा सुटत नसे, म्हणून ही दुर्बीण. पुढे नवऱ्यानेही तेच नाव उचललं.

बघणीवर तिला बसायला शिकवलं थोरलीने. थोरली म्हणजे शेडमधली पहिली बाई, सगळ्यांत जुनी. बाटली डोळ्यांसमोरून जाताना बाटलीकडे बघायचं नाही, दोन बाटल्यांच्या मधल्या उजेडाकडे बघायचं. खोट असेल तर ती आपण होऊन डोळ्यात येते, हे तिचं शिकवणं.

एक दिवस लेबलांचा गठ्ठा मशीनमध्ये उलटा बसला. गठ्ठा लावला होता फोरमनने. थोरलीने पहिलीच बाटली पाहिली आणि हात वर करून ओरडली, "थांबवा! नाव उलटं आहे!" फोरमन म्हणाला, बाहेर ट्रक उभा आहे, चालू दे, लेबलं कोण वाचतंय. ती परत ओरडली. त्याने तिचा हात धरून खाली केला. हे दुर्बिणीने शेजारच्या स्टुलावरून पाहिलं, बाकीच्या बायकांनी पाहिलं. ट्रक भरून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानदार हसले, मालक शेडमध्ये उतरला आणि फोरमनने सगळं खापर थोरलीच्या डोक्यावर फोडलं. बघणीवर ही होती, हिने पाहिलंच नाही. तिला काढून टाकताना मालकाने सगळ्यांसमोर एकच शब्द वापरला, नजरचूक.

ज्या बाईचं सगळं नाव नजरेवर होतं, तिला तो शब्द चिकटला. गल्लीत पोरं तिला त्याच नावाने हाका मारायची.

बायकांनी त्यातली एक बाटली लपवून बाहेर काढली. तेव्हापासून शेडमध्ये एक रीत पडली. जी शेवटी निवृत्त झाली तिच्या घरी ती बाटली राहायची. पुढची निवृत्त झाली की तिच्या हातात द्यायची आणि देताना म्हणायचं, "थोरलीने पाहिलं होतं." घेणारीने म्हणायचं, "पाहिलं होतं." बस, एवढंच. दुर्बीण निवृत्त झाली आणि पाठोपाठ शेड बंद पडली. पुढची बाई उरलीच नाही, म्हणून बाटली तिच्याकडेच राहिली. राहिली होती फक्त; तिची नव्हती.

आणि ती तिने दिली. कुणाला? स्वतःच्या भाच्याला.

भाच्याला सगळे बूच म्हणत. लहानपणी तो मावशीबरोबर शेडच्या दारात यायचा, बाटल्यांची बुचं गोळा करून त्यांच्या ओळी लावत बसायचा. आई लवकर गेली, मावशीने वाढवला. आता तो त्याच कंपनीत समाज भागीदारी विभागात साहेब होता. शेजारच्या मैदानाला कुंपण, वस्तीतल्या मुलींना शिवणवर्ग, चौकात पाण्याचा नळ, या सगळ्यावर कंपनीच्या नावाची पाटी लावायचं आणि फीत कापायला कुणाला बोलवायचं ते ठरवण्याचं काम त्याच्याकडे होतं. वारसा दालनही त्याचंच. जुने ट्रे, लाकडी खोकी, दुकानांवरचे जाहिरातीचे पत्रे त्याने घरोघर हिंडून जमवले. बाटलीसाठी मात्र तो मावशीच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"मावशी, ती कपाटात लपवून काय उपयोग? तिथे हजार माणसं बघतील. थोरल्या मावशींचं नाव लावू. त्यांनी पाहिलं होतं, असं स्वच्छ लिहू."

"लिहाल?"

"मी लिहिणार आहे. दुसरा कोण लिहिणार?"

म्हणून दुर्बीण थोरलीकडे गेली. थोरली आता लेकीकडे राहायची, डोळे अधू झाले होते, माणूस ओळखायची ते आवाजावरून. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू सांगतेस म्हणून दे. पण पाटी मला तू वाचून दाखवायची. दुसऱ्या कुणी नाही."

आज अकरा वाजता कंपनीची गाडी थोरलीला घेऊन येणार होती.

बूच पावणेअकराला आला. नवा कोट, छातीवर बिल्ला, हातात दोन फोन.

"मावशी! इतक्या लवकर? चहा घेतलास?"

"पाटी कुणी लिहिली?"

त्याने छातीवरचा बिल्ला सरळ केला. "हां, ती. मी लिहिलं होतं सगळं. थोरल्या मावशींचं नाव, फोरमन, सगळं. वरच्यांनी कापलं. त्यांचं म्हणणं, वारसा दालनात भांडणं नकोत. लोक आनंदाने आले पाहिजेत."

"कापलं म्हणतोस. मग हे लिहिलं कुणी?"

"जाहिरात विभागाने."

"जाहिरात विभागाला नजरचूक हा शब्द कुणी सांगितला?"

बूच एका फोनकडे बघायला लागला.

"माझ्याकडे बघ. तो शब्द मालक बोलला आणि आम्ही ऐकला. कुठे छापून आला नव्हता. आणि मी तो तुला सांगितला, माझ्या ओट्यापाशी बसून. रडत सांगितला होता. आठवतंय?"

"मावशी, बैठकीत बोलता बोलता निघाला तोंडातून. त्यांना इतका आवडला! गोड पेय, गोड नजरचूक. आता ते तसल्या उलट्या लेबलाच्या नव्या बाटल्याही काढताहेत. मी काय करणार?"

"तोंडाला बूच लावायचं होतंस. नावातच आहे की तुझ्या."

तो हसला. तिला हसू आलं नाही. केसाने गळा कापतात म्हणतात, तो केस परका नसतो, आपल्याच हाताने तेल लावून विंचरलेला असतो, हे तिला आत्ता कळत होतं.

"कपाट उघड. बाटली घेऊन जाते."

"असं कसं? ती आता कंपनीची आहे."

"कधीपासून?"

"तूच म्हणालीस ना. मुलाखत घेतली तेव्हा, कॅमेऱ्यासमोर. मी विचारलं, मग ही बाटली आम्हाला देणार का? तू म्हणालीस, 'असू दे आता तुझ्याकडे.'"

"तुझ्याकडे म्हणाले रे! तुझ्याकडे. आपली छत्री कुणाकडे राहिली तर म्हणतो ना आपण, असू दे, नंतर नेईन. तसं म्हणाले. आणि कंपनीला नाही म्हणाले, तुला म्हणाले."

"कायद्याने ते चालतं, मावशी. त्यांनी वकिलाला दाखवलंय." हे म्हणताना त्याचा आवाज बसला. मग म्हणाला, "हे बघ, स्टेजवर थोरल्या मावशींना शाल देणार आहोत. मी स्वतः बोलणार आहे दोन शब्द. त्यांना दिसत नाही नीट. पाटीवर काय आहे ते त्यांना कशाला सांगायचं? तू वाचताना..."

"वाचताना काय?" ती म्हणाली. "बोल ना साहेब. खोटं वाचू?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

थोरली लेकीच्या खांद्यावर हात ठेवून आत आली. चांगलं लुगडं, केस घट्ट बांधलेले. शेडमध्ये शिरताच तिने मान उचलून वास घेतला, जसा काही अजून तिथे सोड्याचा आणि भिजलेल्या लाकडाचा वास असणार होता.

"रंगाचा वास येतोय नुसता," ती म्हणाली. "दुर्बिणे, आहेस का?"

"आहे."

"बघणी कुठे होती गं? मला तिथे ने."

बघणीच्या जागीच ते कपाट होतं. दुर्बिणीने तिला हाताला धरून नेलं. बूच दोन पावलं मागे उभा राहिला. थोरलीने काचेवर तळहात ठेवला आणि डोळे बारीक केले. नारिंगी उजेड तिच्या तोंडावर पडला.

"दिवा आहे मागे," ती खूश होऊन म्हणाली. "हे बरं केलं." मग तिची मान कलली. "झाकण खाली का दिसतंय?"

तिने काचेवरून बोट वरपासून खालपर्यंत नेलं.

"उलटी ठेवलीय का?"

"हो," दुर्बीण म्हणाली.

"बरं. पाटी वाच."

दुर्बिणीने पाटीकडे पाहिलं. वाक्य तयार होतं. बायकांना ते देता-घेताना इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हणता आलं असतं. थोरलीने पाहिलं होतं. तीन शब्द. म्हणून मोकळं व्हायचं, शाल घ्यायची, घरी जायचं. म्हातारीला कोण दुसरी पाटी वाचून दाखवणार होतं? मागे बूच श्वास रोखून उभा होता, लहानपणी परीक्षेचा निकाल ऐकताना उभा राहायचा तसा.

तिने वाचलं. आहे ते, आहे तसं, पहिल्या शब्दापासून 'सप्रेम भेट'पर्यंत.

थोरलीने काचेवरचा हात काढला नाही. लेक म्हणाली, "आई, चल, बस जरा." ती हलली नाही.

"नजरचूक," ती म्हणाली. "गोड."

"थोरले, मला माहीत नव्हतं असं करतील म्हणून."

"तू सकाळीच आलीस ना इथे?"

"हो."

"म्हणजे मी यायच्या आधी तू पाहिलं होतंस."

याला दुर्बिणीकडे एकच उत्तर होतं आणि ते तिने आयुष्यभर दुसऱ्या कामासाठी राखून ठेवलं होतं.

"पाहिलं होतं," ती म्हणाली.

"मग गाडी परत पाठवायची होतीस गं. ओरडायचं होतंस." थोरली एवढंच बोलली, तेही शांतपणे. मग तिने लेकीचा खांदा चाचपला आणि दाराकडे वळली. बूच धावला. "मावशी, कार्यक्रम... शाल..." तिने आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं. "तू हिचा भाचा का रे? बुचं गोळा करायचास तो?" तो हो म्हणाला. "चांगली गोळा केलीस," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

कार्यक्रम झाला. फीत कापली गेली, शिवणवर्गाच्या मुलींनी स्वागत केलं, शेडमधल्या उरलेल्या बायकांपैकी दोघींनी शाली घेतल्या, बाकीच्या पाटी वाचून घरी गेल्या. जाताना दुर्बिणीशी कुणी बोललं नाही. एकीने फक्त विचारलं, "ती तुझी होती का गं द्यायला?" आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

दुपारी दुर्बिणीने कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि कपाटासमोर मांडली. बूच येऊन म्हणाला की त्याने वर फोन केलाय, पाटीबद्दल विचार करू म्हणाले आहेत, बाटलीबद्दल काही सांगता येत नाही, कपाटाची किल्ली मुख्य कार्यालयात आहे. ती म्हणाली, "असू दे त्यांच्याकडे." तो उभा राहिला, मग जेवणाचा डबा तिच्या पायाशी ठेवून गेला. तो तिने उघडला नाही.

साडेपाचला रखवालदाराने एकेक दिवा मालवला. कपाटामागचा तेवढा राहिला, तो वेगळ्या बटणावर होता. दुर्बिणीने थोरलीच्या लेकीला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा घंटा वाजत राहिली. काचेच्या दाराबाहेर बूच फोनवर कुणाशी तरी बोलत होता, पाठमोरा. काय बोलत होता ते आत ऐकू येत नव्हतं.

"बाई, बंद करायचंय," रखवालदार म्हणाला.

"करा की," ती म्हणाली आणि बसून राहिली. बाटली अजून डोक्यावरच उभी होती.