पायाखालची ऊब

"उस्ताद, पायाखाली चूल पेटवलीस की काय?"

मागच्या बाकावरून आलेला हा आवाज विश्वासरावांनी ऐकला, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. बाई पहाडी हिंदीत बोलली होती, पण इतकी वर्षं मनात मुरून तो आवाज मराठीच झाला होता. बाईचं नाव डोल्मा. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यातली. विश्वासराव तेव्हा तिथल्या एका दवाखान्याची गाडी चालवायचे आणि दुरुस्तही करायचे.

आज तो आवाज आठवायचं कारण समोर उभं होतं. मुलीच्या या परदेशी शहरात, आंग मो किओ भागातल्या वर्कशॉपांच्या रांगेत, अर्ध्या उघड्या शटरमागे, एकोणीसशे एकोणपन्नास सालची हिरवी ऑस्टिन. गाडी मिस्टर को यांची. विश्वासरावांची मुलगी प्रणिता ज्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत होती, तिथले तिचे हे जुने साहेब. रिटायर झाल्यावर त्यांनी न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या एका मेंढपाळाकडून ही गाडी मागवली होती.

"बाबा चार महिन्यांसाठी आलेत," प्रणिता साहेबांना म्हणाली. "हौगांगच्या फ्लॅटमध्ये बसून दिवसभर लिफ्ट किती वेळा थांबली ते मोजतात. म्हटलं, गाड्यांमध्ये आयुष्य गेलंय, तुमची गाडी दाखवावी."

"दाखवण्यासारखी राहिलीय कुठे!" मिस्टर को इथल्या लहेजातल्या, शेवटी 'लाह' जोडणाऱ्या इंग्रजीत म्हणाले. "बघा ना, अंकल, कुणीतरी हाल केलेत हिचे. रेडिएटरपुढे गोधडी. दारांना मेंढीची कातडी. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे. सगळं उखडून टाकणार. ओरिजिनल करणार लाह."

विश्वासरावांना इंग्रजी कळायचं, बोलायला जड जायचं. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. वाकले, हात लावला, बोटं हुंगली. मग मुलीला म्हणाले, "त्यांना सांग, हाल नाही केलेले. बाळंतिणीसारखं जपलंय."

प्रणितानं बाळंतिणीचं काय करावं ते न कळून नुसतं 'फार जपलंय' असं सांगितलं.

मग विश्वासराव बोलत राहिले आणि ती सांगत राहिली. गोधडीला दोरी आहे, ती ड्रायव्हरच्या हाताशी आणलीय. बर्फाचा वारा समोरून आला की गोधडी वर ओढायची, चढ लागला की खाली सोडायची. ट्रेमध्ये निखारे ठेवायचे, म्हणजे पहाटे इंजिनाचं अंग मोकळं होतं. आणि तेल काढायच्या बुचाच्या जागी हा नळ बसवलाय, तो उगीच नाही. संध्याकाळी गाडी थांबली की सगळं ऑइल गरम असतानाच डब्यात काढून घ्यायचं आणि घरी न्यायचं.

"घरी?"

"चुलीपाशी. गाडीत राहिलं तर सकाळी खरवसासारखं थिजतं. उजाडल्यावर तापवून पुन्हा ओतायचं."

"माझ्या बायकोनं मलाच घरात घेतलं नसतं," मिस्टर को म्हणाले.

विश्वासराव हसले. मग कुणाला ऐकवायचं नाही अशा आवाजात, जात्यावरच्या चालीत दोन ओळी गुणगुणले:

*तेल निजे चुलीपाशी, गाडी बाहेर बर्फात*
*दोघांची गं ताटातूट उजाडेस्तवर रात*

"हे कुठलं, बाबा?"

"कुठलं म्हणजे? डबा नेता नेता जुळलेलं. आईची चाल, माझं तेल."

प्रणितानं वडलांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. हे तिनं साहेबांना सांगितलं नाही.

मिस्टर को आता गाडीकडे वेगळ्या नजरेनं पाहत होते. त्यांनी मागचं दार उघडलं. मागच्या बाकापुढे, पाय ठेवायच्या जागी, पत्र्याची एक लांबट पेटी होती. सायलेन्सरची नळी खालून वळवून या पेटीतून नेली होती आणि पलीकडून बाहेर काढली होती. "आणि हे?"

विश्वासरावांनी हात रुमालाला पुसले. "ऊब," ते म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

"तुमच्या गाडीलाही होतं?"

"होतं. मीच केलेलं."

"कधी काही त्रास?"

"नाही," विश्वासराव म्हणाले. ते एवढ्या चटकन मान हलवून म्हणाले की प्रणिताला भाषांतर करायची गरजच पडली नाही.

मिस्टर को यांनी तिथल्या तिथे ठरवलं, काहीही काढायचं नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबाची रॅली दोन आठवड्यांनी रविवारी होती. वुडलँड्सवरून पूल ओलांडून शेजारच्या देशातल्या जोहोरपर्यंत जायचं आणि परत यायचं. गोधडीसकट जायचं.

त्यानंतर विश्वासराव घरी कमी बोलू लागले. प्रणिताला वाटलं, परत जायचे वेध लागले असतील.

रॅलीच्या आधीच्या बुधवारी ती वडलांबरोबर गवार मोडत बसली होती. "साहेबांनी ऑस्टिनला एसी बसवलाय," ती हसत म्हणाली. "विषुववृत्तावर गोधडी आणि एसी, दोन्ही! आणि त्यांची आई मागे बसणारेय, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. एसीनं तिचे गुडघे धरतात. तर म्हणतात, अंकलची नळी आहेच की पायाखाली."

"खिडक्या बंद ठेवणार?"

"एसी म्हटल्यावर बंदच की, बाबा."

विश्वासरावांनी हातातली शेंग ताटलीत ठेवली. दारांना आतून मेंढीचं कातडं, फटींना लोकर. त्या मेंढपाळानं काम चोख केलं होतं. वारा आत येणार नव्हता, आणि आतलं काही बाहेरही जाणार नव्हतं. नळीला केसाएवढी चीर गेली की जे सुटतं त्याला ना रंग ना वास. माणसाला नुसती झोप येते.

"ती नळी काढायला सांग त्यांना."

"आता? तुम्हीच तर एवढं कौतुक केलंत!"

"नळीचं नाही केलं."

ते खरं होतं. तिनं फोन लावला. धुराचा धोका आहे असं बाबा म्हणतायत, ती म्हणाली. पलीकडून मिस्टर को यांचा हसरा आवाज आला. नळी नव्यानं वेल्ड केलीय, तपासलीय. मेंढपाळाच्या घरच्यांनी पन्नास वर्षं वापरली. अंकलनीही वापरली. कुणी मेलं का?

प्रणितानं फोनवर हात ठेवला. "विचारतायत, कुणी मेलं का."

विश्वासराव ताटली घेऊन उठले आणि सिंककडे गेले. नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं.

डोल्माची गोष्ट प्रणिता लहानपणापासून ऐकत आली होती, पण आईच्या तोंडून. बर्फानं रस्ता बुजलेला, कुणी गाडी काढायला तयार नाही, आणि बाबांनी पंधरा मैलांवरून एका बाईला आणलं. बाई वाचली नाही, थंडीनं गेली, पण गावानं बाबांना डोक्यावर घेतलं. तिचा नवरा पुढं दर वर्षी जवाच्या सत्तूची पिशवी आणून द्यायचा. ही गोष्ट प्रणितानं इथल्या मैत्रिणींना सांगितली होती, शाळेत निबंधातही लिहिली होती. विश्वासरावांनी ती स्वतः कधी सांगितली नव्हती. कुणी सांगू लागलं की ते बाहेर जाऊन उभे राहायचे. लोक म्हणायचे, किती साधा माणूस.

शनिवारी सकाळी ते स्वतःहून म्हणाले, "चल, वर्कशॉपला जाऊ."

ते पोचले तेव्हा ऑस्टिनचं इंजिन चालू होतं. मिस्टर को पुढे बसले होते. मागे त्यांची आई. पांढरे केस, फुलाफुलांचा ब्लाउज, चपला काढून ठेवलेल्या. दोन्ही तळपाय पेटीवर टेकवून ती काचेतून या दोघांना हात करत होती. काही तरी बोलत होती, हसत होती. काचा इतक्या घट्ट बसल्या होत्या की शब्द ऐकू येत नव्हता.

विश्वासराव सरळ गेले आणि त्यांनी मागचं दार उघडलं. मग पलीकडून जाऊन दुसरंही उघडलं.

"एसी चाललाय, अंकल!" मिस्टर को खाली उतरले. "काय झालं? आई म्हणतेय, असं सुख तर मसाजवालाही देत नाही."

"त्यांना उतरवा."

"पुन्हा नळी? हे बघा." त्यांनी वाकून पेटीवरची लोकरीची पट्टी उचलून दाखवली. "स्वच्छ. काजळीचा ठिपका नाही. वेल्डिंग पाहा, एकदम फर्स्ट क्लास लाह."

विश्वासरावांनी वाकून जोड पाहिला. बोटानं चाचपला. खरंच सुरेख होता.

"प्रणे," ते म्हणाले, "मी सांगतो ते सगळं सांग. मधलं काही गाळू नकोस. त्या दिवशी बाळंतिणीचं गाळलंस तसं नको."

"तुम्हाला कळलं होतं?"

"ऐक. माझाही जोड असाच होता. निघताना असाच होता. वाटेत गाडी दगडांवर आपटली, चारदा-पाचदा. मागून ती बोलत होती, हसत होती, पाय शेकतोय म्हणत होती. मग गप्प झाली. मला वाटलं, बरं झालं, डोळा लागला. दुखणं विसरेल. मी पुढे होतो, माझ्या बाजूच्या काचेला फट होती. मला वारा लागत होता, म्हणून मी शिव्या देत होतो त्या फटीला."

प्रणिता इंग्रजीत सांगत होती. तिचा आवाज आधी नेहमीचा होता, मग तो हळू होत गेला. मिस्टर को यांनी हात आत घालून इंजिन बंद केलं.

"दवाखान्यात दार उघडलं तर गाल लालबुंद. लोक म्हणाले, थंडीनं गेली. डॉक्टर दोन दिवस खाली गेलेला, तपासणार कोण? मी गाडी शेडमध्ये घेतली आणि पेटी उघडली. लोकर काळी झाली होती, हाताएवढी. ती जाळली. नळी काढून नदीत टाकली. आणि बाहेर येऊन लोकांबरोबर उभा राहिलो. नवरा माझ्या पाया पडला. त्यानं आणलेलं सत्तू मी खाल्लं, तुझ्या आईनंही खाल्लं. तिला माहीत नव्हतं."

प्रणिता भाषांतर सोडून वडलांकडे वळली.

"सांग त्यांना."

"बाबा, ती फार आजारी होती ना? आई म्हणायची..."

"नव्हती गं. निसरड्यावर पडून पाय मोडला होता, एवढंच. फळी बांधून दीड महिना पडली असती, मग चालली असती. चोवीस वर्षांची होती. थंडीनं नाही गेली, प्रणे. माझ्या नळीनं गेली."